घरटी वर्गणी ते मॅरेथॉन : रत्नागिरीतील सार्वजनिक पैशाचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील शाळा, ग्रंथालये, दवाखाने, साकव आणि देवळे यांच्या उभारणीचा मागोवा घेतला, तर त्यांतील पुष्कळशा गोष्टी सरकारी खजिन्याची वाट न पाहता लोकांनी आपापसांत पैसे जमवून उभ्या केल्या, असे दिसून येते. याला कारण होते. जमीन कातळाची, पीक भाताचे आणि नाचणीचे, त्यातही सारा वसूल करणारा खोत मधे उभा, त्यामुळे गावाच्या हातात सार्वजनिक कामासाठी शिल्लक राहील असा पैसा जवळजवळ नव्हता. आणि ज्यांच्या हाती तो येऊ लागला, ते गाव सोडून मुंबईला गेलेले होते. या परिस्थितीतून वर्गणीची एक पद्धत घडत गेली. ‘वर्गणी’ म्हणजे ठरावीक दराने सर्वांनी द्यावयाचा वाटा, ‘देणगी’ म्हणजे एखाद्याने स्वखुशीने दिलेली रक्कम आणि ‘फंड’ म्हणजे या दोन्हींतून साठवलेला, विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला पैसा, असा भेद मराठी व्यवहारात रूढ आहे. अलीकडे शहरोशहरी भरणाऱ्या मॅरेथॉन शर्यती, त्यांचे प्रवेशशुल्क आणि त्यांच्या निमित्ताने सेवाभावी संस्थांना मिळणारे पैसे ही पाश्चात्त्य वळणाची नवी गोष्ट मानली जाते. ती नवी आहे हे खरे. परंतु रत्नागिरीसारख्या ठिकाणी ती ज्या जमिनीत रुजू पाहते आहे, ती जमीन वर्गणीच्या दीर्घ सवयीने नांगरलेली आहे, आणि या शर्यतीपासून गावाला काय मिळू शकते व काय मिळू शकत नाही, हे त्या सवयीचा इतिहास पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

या पद्धतीचे सर्वांत जुने रूप गावकीचे होय. गावकी म्हणजे गावातील मानकरी व वाड्यांचे प्रमुख यांची, देवस्थान आणि सामाईक कामे पाहणारी सभा. शिमग्याची पालखी, देवळाचा जीर्णोद्धार, पावसाळ्यात वाहून गेलेल्या पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेची, डागडुजी आणि ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडी पादचारी पूल, ही कामे घरटी वर्गणीने आणि घरटी एका माणसाच्या अंगमेहनतीने होत असत. येथे देणे ऐच्छिक नव्हते. वर्गणी देणारे घर गावात मोजले जाई आणि न देणाऱ्या घराचा मान जाई. फारच विकोपाला गेले तर ते घर वाळीत पडे. म्हणजे वर्गणी हा दानधर्म नसून सभासदत्वाचा पुरावा होता, आणि हे सभासदत्व जातीच्या व वाडीच्या चौकटीत बसवलेले होते. आजच्या लेखनात या पद्धतीचा ‘लोकसहभाग’ म्हणून सरसकट गौरव होतो, तेव्हा तिच्यातील सक्तीचा हा भाग बहुधा गाळला जातो.

एकोणिसाव्या शतकात याहून वेगळे असे एक रूप शहरात दिसू लागले. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. वाचनालयाची वर्गणी घराने नव्हे, तर व्यक्तीने भरावयाची असे. तिच्या बदल्यात मान नव्हे, तर पुस्तक मिळे. आणि जो भरणार नाही त्याला गावातून कोणी काढीत नसे. ठरलेली रक्कम भरून ठरलेली सेवा घेणे आणि शिल्लक राहील ती संस्थेच्या वाढीस लावणे, हा व्यवहार आज साधा वाटतो. परंतु मॅरेथॉनच्या प्रवेशशुल्काचे नाते गावकीच्या वर्गणीपेक्षा या व्यवहाराशी अधिक जवळचे आहे.

या दोन रूपांचा सांधा ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो ते धोंडो केशव कर्वे होत. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवली या आजोळगावी झाला आणि बालपण दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी गेले. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ साली मुरूडहून साताऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ११० मैल, ते मित्रांबरोबर भर पावसाळ्यात सह्याद्री चढून पायी गेले, आणि तेथे परीक्षा समितीने त्यांचे वय लहान दिसते असे म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ११० मैल म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १७७ किलोमीटर, अर्थात चार पूर्ण मॅरेथॉनहून अधिक अंतर, आणि तितकेच परतीचे. चालणे हा त्या काळी व्यायाम नव्हता व पराक्रमही नव्हता. ज्याच्याकडे गाडीभाडे नाही त्याने चालावे, इतकाच त्याचा अर्थ होता.

मुंबईत शिक्षक म्हणून काम करीत असताना कर्व्यांनी १८८६ साली ‘मुरूड फंड’ सुरू केला. गावाबाहेर राहून मिळवत्या झालेल्या मुरूडकरांनी गावासाठी नियमित वर्गणी द्यावी आणि तिच्यातून गावातील शिक्षणासारखी सार्वजनिक कामे करावीत, अशी ही कल्पना होती. गावकीच्या वर्गणीला येथे दोन बाबतींत कलाटणी मिळाली. एक तर पैसा गावाबाहेरून येऊ लागला आणि दुसरे म्हणजे तो देवळाऐवजी शाळेकडे वळला. परंतु सभासदत्वाची जुनी गाठ सुटली नव्हती. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्यांच्या वृद्ध आईलाही त्याची झळ सोसावी लागली. देणारा कोण, हे पैशाइतकेच महत्त्वाचे मानणाऱ्या समाजात असे होणे अटळ होते. कर्व्यांचे पुढचे सर्व कार्य या अनुभवानंतरचे आहे, ही गोष्ट चरित्रकारांनी मांडली त्याहून अधिक ठळकपणे मांडावयास हवी. कारण यानंतर त्यांनी गावाकडे किंवा जातीकडे पैसा मागितला नाही, तो अनोळखी माणसांकडे मागितला.

अनाथ बालिकाश्रम १८९६ साली निघाला आणि १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून कर्वे रोज चालत हिंगण्याला जात, आणि सुट्टीत गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी जमवीत. त्यांची पद्धत अशी होती की रक्कम कितीही लहान असो, तिची नोंद व्हावी आणि हिशेब छापला जावा. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, त्यास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. एवढी मोठी देणगी मिळूनही लहान वर्गणीवरचा कर्व्यांचा विश्वास ढळला नाही. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी ते पुण्यात दारोदार पायी हिंडले. आज एखादा धावक ओळखीच्यांना ‘माझ्या शर्यतीच्या निमित्ताने अमुक संस्थेला मदत करा’ असे कळवतो, तेव्हा तो आपल्या पायांचे कष्ट तारण ठेवून दुसऱ्याकडे पैसा मागत असतो. या कृतीचा महाराष्ट्रातील पूर्वज शोधावयाचा झाला, तर तो कोणा खेळाडूत नव्हे, तर या शिक्षकात सापडतो.

मुरूड फंडाची कल्पना पुढे जिल्हाभर वेगवेगळ्या नावांनी पसरली, आणि तिचे वाहन झाली मनीऑर्डर. टपालखात्याने मनीऑर्डरची सेवा १८८० साली सुरू केली. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि घरकाम यांत एका जिल्ह्यापुरते पाहिले तर सर्वांत मोठा भरणा रत्नागिरीचा होता. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्गही मोडत असे. या माणसांनी पाठवलेल्या पैशावर घरे चालत, म्हणून कोकणाच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ असे नावच पडले. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असे आणि त्यावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. खुशाली, पेरणीची विचारपूस आणि ‘यातले अमुक रुपये देवळाच्या वर्गणीत द्यावेत’ ही सूचना, एवढे सर्व त्या कूपनात मावावे लागे.

परळ, लालबाग, गिरगाव येथील चाळींत गावोगावच्या मंडळींनी भाड्याने धरलेल्या ‘गावकीच्या खोल्या’ होत्या. एका खोलीत एका गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष पाळीपाळीने झोपत, दरमहा ठरलेली रक्कम भरत आणि भाडे व जेवणखर्च भागून उरेल ते गावाच्या कामासाठी ठेवत. यांतूनच गावाच्या नावाने चालणारी मुंबईतील मंडळे उभी राहिली. त्यांची वार्षिक सभा भरे, चिटणीस जमाखर्च वाचून दाखवी, चार आणे कोठे गेले यावरून तासभर भांडण होई आणि अखेर अहवालाची छापील पुस्तिका घरोघर जाई. हा भांडखोरपणा पुष्कळांना हास्यास्पद वाटत आला आहे. प्रत्यक्षात तो या पद्धतीचा कणा होता. पैसे देणारा आणि पैसे खर्चणारा एकमेकांना नावाने ओळखत असल्यामुळे अपहार करणाऱ्याला तोंड लपवायला जागा नसे. गावातील शाळेची एखादी खोली, नळपाणी योजनेतील गावाचा हिस्सा, स्मशानाची शेड आणि देवळाचा सभामंडप अशी कामे या मंडळांच्या पैशातून झाली, आणि त्यांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे रकमेसह कोरलेली आढळतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी वर्गणीचा परीघ गावाबाहेर आणि जिल्ह्याबाहेर गेला. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने ‘पैसा फंड’ची मोहीम काढली. प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे करावेत, ही तिची कल्पना. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. कोकण किनाऱ्यावर याच स्वदेशीच्या भरात लोकांच्या भागभांडवलावर निघालेली जहाज कंपनी ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने ओळखली गेली. टिळकांच्या मृत्यूनंतर १९२१ साली त्यांच्या नावाने स्वराज्य फंड काढून ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचे काँग्रेसने ठरवले आणि ते साधले. महात्मा गांधी १ मार्च १९२७ रोजी रत्नागिरीस आले तेव्हाचा त्यांचा दौरा खादीकार्यासाठी निधी जमवण्याचा होता. या सर्व मोहिमांनी एक गोष्ट रुजवली, ती अशी की ज्याला आपण कधी पाहणार नाही अशा माणसाच्या उपयोगासाठी, ज्याला आपण ओळखत नाही अशा माणसाच्या हातात पैसा देता येतो. त्यासाठी लागणारा भरवसा टिळक किंवा गांधी यांच्या नावाने पुरवला.

मोठ्या देणगीदाराचीही परंपरा रत्नागिरीला आहे, आणि तिचे ठळक उदाहरण भागोजीशेठ कीर यांचे. गरीब भंडारी कुटुंबात जन्मलेले कीर मुंबईत बांधकामाच्या व्यवसायातून धनवान झाले. दादरच्या शिवाजी पार्कजवळील हिंदू स्मशानभूमी त्यांच्या नावाने ओळखली जाते. स्थानबद्धतेत रत्नागिरीस राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांच्या प्रेरणेने त्यांनी पतितपावन मंदिर बांधून दिले आणि ते २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. गावकीच्या देवळात जो वर्गणी भरी त्याच्या जातीप्रमाणे त्याची जागा ठरे. येथे एकाच देणगीदाराने सर्व खर्च उचलल्यामुळे जागेचा प्रश्न उभा करण्याचा अधिकार कोणाला उरला नाही. लहान वर्गणी नेहमीच उदार आणि मोठी देणगी नेहमीच अहंकारी, हे समीकरण रत्नागिरीच्या इतिहासाला लागू पडत नाही.

आता शर्यतीकडे वळता येईल. मॅरेथॉन ही १८९६ सालच्या अथेन्स ऑलिंपिकसाठी, एका ग्रीक आख्यायिकेच्या आधारे, मुद्दाम घडवलेली शर्यत आहे. तिचे ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ साली प्रमाण ठरले. त्याच्या निम्म्या अंतराची ती हाफ मॅरेथॉन. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या शर्यतींना संघटित रूप दिले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची मुले पाहिली आणि त्यांतील काहींची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाते हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला चार धावपटू आणि दोन मल्ल असा संघ पाठवण्यात आला, आणि बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी ४२.७५ किलोमीटरची तेथील मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९वा क्रमांक मिळवला. या संघाच्या खर्चासाठी दोराबजींनी पदरचे पैसे घातले आणि इतरांकडेही हात पसरला. म्हणजे मराठी मुलखातील मॅरेथॉनचा दानाशी पहिला संबंध आला तो उलट दिशेने : तेव्हा धावणाऱ्यासाठी वर्गणी जमवावी लागत होती, धावणारा वर्गणी जमवीत नव्हता.

ही दिशा बदलण्यास साठ वर्षे लागली आणि बदल लंडनमध्ये झाला. १९८१ साली ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी लंडन मॅरेथॉन सुरू केली, तेव्हाच शर्यतीतून उरणारा पैसा शहरातील क्रीडा व करमणुकीच्या सोयींसाठी वापरावा, असे तिच्या उद्दिष्टांत लिहिले होते. पुढे १९९३ साली त्या शर्यतीने सेवाभावी संस्थांना ठरावीक जागा विकत देण्याची योजना आणली. शर्यतीत जागा मर्यादित आणि धावू इच्छिणारे अनेक पटींनी जास्त, तेव्हा संस्था ती जागा विकत घेई आणि जो धावक संस्थेसाठी ठरलेली रक्कम जमवून आणण्याचे वचन देई त्याला ती देई. येथे दानाची मूळ प्रेरणा करुणा नसून दुर्मीळ जागेची ओढ आहे, हे स्पष्ट आहे. पण त्यामुळे जमलेल्या पैशाची किंमत कमी होत नाही.

पुण्यात १९८३पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरू लागली. मात्र शर्यत आणि दान यांची पक्की सांगड महाराष्ट्रात घातली ती २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने. तिच्यात पैसा येण्याच्या वाटा अनेक आहेत. संस्थांसाठी राखीव ‘बिब’, म्हणजे धावकाच्या छातीवरील क्रमांकाची पट्टी, ही एक. आपल्या ओळखीच्यांकडून संस्थेसाठी पैसे जमवणारे धावक ही दुसरी. आणि कर्मचाऱ्यांचे संघ उतरवून त्यांच्यामागे देणगी देणाऱ्या कंपन्या ही तिसरी. युनायटेड वे मुंबई ही संस्था २००९पासून या सर्वांचे नियोजन पाहते आणि कोणत्या संस्थेला किती पैसे मिळाले याची नोंद ठेवते. सुमारे सहा किलोमीटरची ‘ड्रीम रन’ ही शर्यत नसून मिरवणूक आहे, अशी टीका पट्टीचे धावक करतात. परंतु कर्करोगापासून भटक्या कुत्र्यांपर्यंतचे विषय रस्त्यावर येतात ते याच मिरवणुकीत. २०१८पासून या मॅरेथॉनला टाटांचे नाव लागले आहे, हा दोराबजींच्या दृष्टीने पाहता शोभणारा योगायोग म्हणावा लागेल.

मुंबईच्या पाठोपाठ मॅरेथॉन लहान शहरांत गेली. साताऱ्याची डोंगरी हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली आणि धावण्यासाठी गावाबाहेरून माणसे मोठ्या संख्येने येऊ शकतात, हे तिने दाखवून दिले. रत्नागिरीत २०२४च्या जानेवारीपासून कोकण कोस्टल मॅरेथॉन भरू लागली. २१ किलोमीटरचा टप्पा ही तिची मुख्य शर्यत, आणि १० व ५ किलोमीटरचे टप्पे नवख्यांसाठी. जानेवारी निवडण्यामागे उघड कारण आहे. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि धावक लवकर थकतो. थंडीच्या पहाटे मात्र हा त्रास सर्वांत कमी असतो. शिवाय घाट आणि चढ यांमुळे रत्नागिरीच्या रस्त्यांवर सपाटी थोडी आणि चढउतार फार, म्हणून विक्रमी वेळ नोंदवण्यापेक्षा अनुभव घेण्यासाठी येथे धावावे लागते.

अशा शर्यतीपासून शहराला नेमके काय मिळते? याचे उत्तर देताना पैशाचे दोन ओघ वेगळे करणे आवश्यक आहे. बाहेरगावचा धावक बहुधा एकटा येत नाही. तो कुटुंबासह किंवा गटाने येतो, आदल्या दिवशी बिब घेण्यासाठी पोचतो, लॉजवर किंवा घरगुती निवासात उतरतो, खानावळीत जेवतो, रिक्षा करतो आणि जाताना काजू, कोकम, फणसपोळी घेऊन जातो. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने मुंबई-पुण्याहून असे येणे सोपे केले आहे. हा पैसा थेट शहरातील किरकोळ व्यावसायिकाच्या गल्ल्यात पडतो आणि त्याला कोणाच्या दानतीची गरज लागत नाही. दुसरा ओघ प्रवेशशुल्काचा. तो मोठा दिसतो, पण त्यातून टी-शर्ट, पदक, वेळ मोजणारी चिप, वाटेवरील पाणी व क्षारयुक्त पेये, रुग्णवाहिका, मांडव, न्याहारी आणि विमा यांचा खर्च भागवावा लागतो. मुंबईसारख्या ठिकाणी हा भार मोठे प्रायोजक उचलतात. जिल्ह्याच्या गावी प्रायोजक म्हणजे स्थानिक बँक, पतसंस्था, सराफ आणि बांधकाम व्यावसायिक, आणि गणेशोत्सवापासून नाट्यस्पर्धेपर्यंत सर्वजण त्यांच्याच दारात उभे असतात. म्हणून लहान शहरातील शर्यत ही देणगी जमवण्याचे साधन म्हणून अजून दुबळी आहे, असे म्हणणे भाग आहे. ‘समाजासाठी धावा’ असे फलक लावल्याने हा हिशेब बदलत नाही.

परंतु पैशात न मोजता येणारी एक गोष्ट ती करते. शर्यतीसाठी पहाटे चार वाजता चौकाचौकांत उभे राहणारे शंभर-दोनशे स्वयंसेवक लागतात, वाहतूक वळवावी लागते, डॉक्टर व परिचारिका वाटेवर बसवाव्या लागतात, आणि कोणी कोसळला तर पुढच्या चौकाला कळवण्याची साखळी लागते. रत्नागिरी जिल्ह्याने ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणचा महापूर पाहिला. त्या दोन्ही प्रसंगी राज्यभरातून मदत आली. पण अशा वेळी उणीव भासते ती वस्तूंची नव्हे, तर त्या योग्य घरी पोचवणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची. दर वर्षी एका सकाळी एकत्र काम करणारी माणसे अशा वेळी उपयोगी पडतात. गावकीच्या घरटी मेहनतीने जे साधत असे, ते जातीचा व वाडीचा विचार न करता साधण्याची ही एक वाट आहे; धावकाला त्याचे वय आणि रक्तगट विचारतात, जात विचारत नाहीत, ही गोष्ट मुरूडच्या बहिष्काराचा इतिहास असलेल्या जिल्ह्यात लहान मानता येणार नाही.

आणखी एक बाब संस्थांच्या गरजेची. देणगीदाराला इमारत आवडते, कारण तिच्यावर पाटी लावता येते; संस्थेला मात्र दर महिन्याचा तांदूळ, औषधे आणि पगार यांची चिंता असते. देवरुख येथे इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली सुरू केलेल्या ‘मातृमंदिर’सारख्या संस्थेचा खरा खर्च रुग्णसेवेचा आणि बालकांच्या संगोपनाचा असतो, आणि तो एकदा करून संपत नाही. मुंबईतील गिरण्या बंद पडल्यानंतर आणि चाळींच्या जागी मनोरे आल्यानंतर गावमंडळांची नवी पिढी गावाकडे पाहुण्यासारखी येऊ लागली. त्यांची वर्गणी देवळापुरती उरली आहे. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात येणारी, कोणत्याही भिंतीवर नाव न मागणारी आणि बाहेरच्या माणसांकडून जमणारी रक्कम, मग ती लाखभर का असेना, अशा संस्थांच्या चालू खर्चाला लागू शकते. शर्यतीच्या आयोजकांनी दर वर्षी संस्था बदलण्याऐवजी दोन-तीन संस्था काही वर्षांसाठी ठरवून घेतल्या, तर त्या संस्थांना आपले अंदाजपत्रक आखता येईल.

यासाठी भरवसा हवा, आणि तो टिळकांसारख्या नावाने मिळण्याचे दिवस राहिले नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने नोंदलेल्या संस्थांना लेखापरीक्षण सक्तीचे केले आहे, आणि धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या मंडळांवर कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची देखरेख ठेवली आहे. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांना हे कलम चांगलेच परिचित आहे. पण कायदा आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होणारा हिशेब मागतो. पैसे भरणाऱ्या धावकाच्या हातात तो पडेलच, असे नाही. लालबागच्या खोलीत चार आण्यांवरून भांडणारा चाकरमानी ज्या हक्काने उभा राही, तो हक्क २१ किलोमीटर धावणाऱ्याला अजून कोणी दिलेला नाही आणि त्यानेही तो मागितलेला दिसत नाही. प्रवेशशुल्क किती जमले, प्रायोजकांनी किती दिले, पदके-टी-शर्टवर किती गेले आणि कोणत्या संस्थेला किती पोचले, हे चार आकडे शर्यतीनंतर महिन्याभरात छापून प्रत्येक धावकाला पाठवण्यास फारसा खर्च येत नाही. पुढच्या वर्षीचा अर्ज भरण्यापूर्वी धावकांनी तेवढे मागून घ्यावेत.